मले नाई आवडला

भिलाईच्या सेक्टर सहाच्या मार्केटात बाबुलालची व्हिडिओ लायब्ररी होती. दुकानात बाई आली की बाबुलाल काही न विचारता डाव्या हाताच्या फळीकडे वळायचा. त्या फळीवर सगळे रडके पिक्चर. सासूच्या छळाचे, जत्रेत हरवलेल्या भावंडांचे, कुंकवाच्या आणाभाकांचे. भागीरथा पहिल्यांदा तिथं गेली तेव्हाही त्यानं त्यातलीच एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"ये ले जाओ बहनजी. सब लेडीज लोग ले जाती हैं."

"रोने का नहीं चाहिए," भागीरथा म्हणाली. "मारपीट का दो."

"बच्चों के लिए?"

"मेरे लिए."

बाबुलालनं एकदा तिच्याकडे पाहिलं. पंचेचाळिशीची बाई, अंगावर स्टील प्लांटच्या ड्युटीची साधी साडी, गळ्यात गेट पास, पायात धुळीनं भरलेल्या चपला. मग तो उजवीकडच्या फळीकडे वळला आणि त्या दिवसापासून ती आली की तिकडेच वळू लागला.

भागीरथाचा नवरा देवाजी प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाला होता. कावीळ झाली आणि महिनाभरात गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर भागीरथाला प्लांटच्या एका ऑफिसात काम मिळालं. फाइली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, साहेबांना पाणी द्यायचं, घंटी वाजली की उठायचं. सुरुवातीचं वर्ष तिनं मान खाली घालून काढलं. पुढं एक बंगाली साहेब बदली होऊन राउरकेल्याला निघाले, सामान विकत होते. तिनं बोनसमधून त्यांचा व्हीसीआर उचलला. कलर टीव्ही देवाजीनंच घेऊन ठेवला होता. मुलगी रत्नमाला तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिला वाटलं, आई आता गाणी बघेल. आईनं पहिल्याच रविवारी दुपारी एका अड्ड्यावरच्या दहा-बारा गुंडांना एकटा लोळवणारा हीरो लावला आणि मांडी घालून बसली ती शेवटचं नाव जाईपर्यंत उठली नाही.

हळूहळू शेजारची शेवंता येऊ लागली, मग समोरच्या लाइनीतली कलावती, मग त्यांच्या ओळखीच्या आणखी बायका. रविवारी जेवणं उरकली की खिडक्यांना चादरी लागायच्या, दारातल्या चपला व्हरांड्याबाहेर जायच्या. आणि पिक्चर चालू असताना भागीरथाचं तोंडही चालू असायचं. तिला गप्प बसून बघताच येत नसे.

"हे पाहा," ती म्हणायची, "एक एक करून येऊन राहिले मार खायले. रेशनच्या लाइनीत उभे आहेत का? सगळे मिळून धरा न त्याले."

किंवा, "दोरी पाहा किती सैल आहे. एवढ्या वेळात मी सुटून, स्वयंपाक करून, परत बसली असती. अन् हे बसली हीरोची वाट पाहत."

मारामारीच्या आधी गाणं म्हणणारा हीरो तिच्या मनातून उतरायचा. मार खाऊन लगेच केस नीट करणारा तर त्याहून जास्त. एक इंग्रजी पिक्चर होता, कुठल्याशा चित्रांच्या पुस्तकावरून काढलेला. त्यातला माणूस बिजलीघरात कामाला होता, त्याच्या तळहातांतून वीज निघायची आणि रात्री तो पिवळी टोपी तोंडावर ओढून चोर-गुंडांच्या मागे जायचा. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण कोणाचं काही अडलं नाही. भागीरथाला तो माणूस आवडला, त्याची टोपी आवडली नाही.

"चांगलं काम करून राहिला, तर तोंड कावून लपवते?"

"आई, पहचान हो गई तो घरवालों को मार देंगे न," रत्नमाला म्हणाली. ती घरात अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलायची.

"हे काही मले पटत नाही," भागीरथा म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तिचा सगळ्यांत लाडका पिक्चर मात्र एक चिनी होता. त्यात तिच्याच वयाची एक बाई रस्त्याकाठी खानावळ चालवायची. गावातले दांडगे येऊन फुकट जेवायचे, भांडी फोडायचे. ती बाई अर्धा पिक्चर गुमान सोसायची. मग एक दिवस छपराचा लांब बांबू उपसून ती अंगणात यायची, आणि पुढचा अर्धा पिक्चर त्या बांबूचा होता. भागीरथानं ती कॅसेट इतक्यांदा आणली की पडद्यावर पांढऱ्या रेघा पडू लागल्या. बांबू उपसायची वेळ आली की ती बोलणं थांबवायची. तेवढा एकच वेळ ती गप्प असायची.

हे सगळं आनंदरावाला मुळीच पसंत नव्हतं.

आनंदराव म्हणजे देवाजीचा धाकटा भाऊ. जवळच्या चरोद्याला रेल्वेत हेड क्लार्क, आणि इकडच्या विहाराच्या मंडळाचा सचिव. मॅट्रिक होईपर्यंत तो देवाजीकडेच राहिला होता. नवी नवरी असलेल्या भागीरथानं त्याला रांधून घातलं होतं, परीक्षेच्या दिवसांत चिमणीत तेल घातलं होतं. त्यामुळे तो आता कितीही मोठा झाला तरी तिच्यासमोर आवाज चढवत नसे. पण नाराजी लपवतही नसे.

"वयनी," तो एका रविवारी स्कूटर लावून आत आला तेव्हा म्हणाला, "आपल्या बायायले एकत्र बसवता तर काही चांगलं वाचून दाखवा. बाबासाहेबांनी शिका म्हटलं. हे ढिशूम ढिशूम पाहून कोणाचं भलं झालं?"

पडद्यावर कोणीतरी काचेतून आरपार फेकला गेला. आनंदरावानं मान फिरवली. तो नेहमीच तसं करायचा. मारामारी सुरू झाली की दाराकडे नाहीतर खिडकीकडे बघायचा.

"वाचते न मी," भागीरथा म्हणाली. "बुधवारी विहारात वाचते, घरी वाचते. रविवारी पाहते. दोन्ही होते."

"चांगले पिक्चर नाहीत का?"

"आणा. पाहू."

आणि त्यानं खरंच आणला. नागपूरच्या एका कॉलेजात शिकवणारे तेजराम सर त्याच्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे एका बक्षीस मिळालेल्या पिक्चरची कॅसेट होती, समाजाच्या दुःखावर काढलेल्या. थिएटरात तो कधी लागला नव्हता. सर रायपूरला भाषणाला येणार होते, येताना रविवारी भिलाईला थांबणार होते. विहाराच्या हॉलला तेव्हा प्लास्टर चालू होतं, म्हणून पिक्चर भागीरथाच्या क्वार्टरमध्येच दाखवायचं ठरलं. तिनं आनंदानं हो म्हटलं. दोन दिवस आधी आनंदराव मुद्दाम येऊन सांगून गेला.

"पिक्चर झाल्यावर सर विचारतील, कसा वाटला. महिलांकडून तुम्ही दोन शब्द बोला. समाजाचं खरं दर्शन घडलं, डोळ्यात पाणी आलं, असं काही."

"पाहिल्यावर बोलेन न," भागीरथा म्हणाली.

"तेच. पाहिल्यावर."

रविवारी घर माणसांनी भरलं. पुरुष खुर्च्यांवर आणि पलंगावर, बायका सतरंजीवर, पोरं खिडकीच्या कट्ट्यावर. तेजराम सर बारीक अंगाचे, चष्मेवाले, मऊ बोलणारे होते. त्यांनी पिक्चर कोणी काढला, कुठं कुठं दाखवला, हे थोडक्यात सांगितलं आणि स्वतः सतरंजीच्या कडेला बसले. भागीरथाला ते आवडलं.

पिक्चर सुरू झाला. एक गाव, उन्हानं तापलेलं. एक बाई, लांबवर पाणी भरायला जाणारी. तिचा नवरा मालकाच्या वाड्यावर राबणारा. मालकाची नजर. मग जे व्हायचं ते झालं, कॅमेरा भिंतीवर ठेवून, फक्त आवाज. नवरा परत आला, त्याला कळलं, तो ओसरीवर बसून राहिला. बाई नदीवर गेली, आंघोळ केली, घरी येऊन भाकरी थापू लागली. बराच वेळ नुसती भाकरी थापली. शेवटी ती भाकरी तव्यावर करपत होती आणि बाई तिच्याकडे बघत होती, आणि पिक्चर संपला.

शेवंता पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. कलावतीचे डोळे लाल झाले होते. पुरुषही खाली बघत होते. भागीरथानं उठून खिडकीवरची चादर काढली. दुपारचं ऊन आत आलं.

तेजराम सरांनी चष्मा पुसला. "बोला," ते म्हणाले. "कोणालाही काही वाटलं असेल ते बोला."

आनंदरावानं भागीरथाकडे पाहून मान हलवली.

भागीरथा उभी राहिली. ती कधी सभेत बोलली नव्हती, पण हे तर तिचंच घर होतं.

"मले नाई आवडला," ती म्हणाली.

आनंदराव हसल्यासारखा झाला, जणू चुकून निसटलं असेल. "वयनी म्हणतात, मनाला फार लागलं. म्हणजे पाहवत नाही..."

"पाहवते. पूर्ण पाहिला. नाई आवडला." तिनं सरांकडे पाहिलं. "तुम्ही म्हटलं बोला, म्हणून बोलते. त्या बाईचं काम करणारीनं काम चांगलं केलं. भाकरी बरोबर थापते. पण तिले एकदाही हात उचलू दिला नाही. हात तर होते तिले."

"ताई, ते वास्तव आहे," तेजराम सर शांतपणे म्हणाले. "दिग्दर्शकाला दाखवायचं होतं की तिचा हात उचलण्याचा अधिकारच हिरावून घेतला गेला आहे. ती गप्प आहे, आणि ते पाहून आपल्याला राग यावा, हा हेतू आहे."

"मले राग येण्यासाठी तिनं कावून गप्प बसावं? मले तर पहिलेच राग आहे."

पाठीमागून कोणीतरी खाकरलं. सर मात्र पुढं सरकून ऐकत होते.

"तुम्हाला कसे सिनेमे आवडतात?" त्यांनी विचारलं.

"मारामारीचे," भागीरथा म्हणाली. एकदोघे हसले. तिनं हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. "हसा. मले माहीत आहे, ते खोटे राहतात. माणूस उडते, हातातून वीज निघते, असं कुठं राहते? पण तुमचा पिक्चर खरा अन् तो खोटा, असंही नाही. आमच्या घरचंच सांगते. आमच्या सासूले असंच धरलं होतं मालगुजाराच्या दिवाणजीनं, भंडाऱ्याकडं, बांधावर. डोक्यावर गवताचा भारा होता. भारा टाकला अन् विळ्याच्या मुठीनं दिलं ठेवून त्याच्या तोंडावर. समोरचे दात पडले त्याचे. हे काय वास्तव नाही? याच्यावर कोणी पिक्चर काढला? बक्षीस दिलं?"

रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती, ती तशीच राहिली. आजीबद्दल हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"वयनी," आनंदराव म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बस करा."

"कावून बस करू? खोटं आहे का?"

तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेला. स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. पाहुण्याला आपल्या भरवशावर आणून मध्येच निघून जाणारा तो माणूस नव्हता, म्हणून सगळेच गोंधळले. तेजराम सरांनी चहा घेतला, जाताना भागीरथाला नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं नाही, ताई. पण विचार करीन."

"करा," भागीरथा म्हणाली. "मी पण करीन."

पुढच्या आठवड्यात मंडळाचे केवलराम रत्नमालाला रस्त्यात भेटले. आईला सांग, म्हणाले, सरांना एक ओळ लिहून टाका, बोलण्यात कमीजास्त झालं म्हणून. मोठा माणूस आहे, जयंतीला पुन्हा बोलवायचा आहे.

"सर तर नाराज नव्हते," रत्नमाला घरी येऊन म्हणाली. "पर काका बहुत गुस्सा हैं, आई. एक लाइन लिखने में क्या जाता है?"

"पिक्चर आवडला नाही, याची माफी?" भागीरथा डाळ निवडत होती. "उद्या म्हणतील भाजी आवडली नाही त्याची माग."

"और वो दादीवाली बात? वो सच है?"

"तिनंच सांगितली मले. तुह्या जन्माच्या आधी, आम्ही दोघी बिड्यांसाठी तेंदूची पानं कापत बसलो होतो. सांगता सांगता इतकी हसली, इतकी हसली, का कात्री खाली ठेवली."

माफी गेली नाही. जयंतीला टीव्ही-व्हीसीआर मागायला केवलराम स्वतः आले तेव्हा तिनं पाणी दिलं, चहा दिला आणि अट घातली. एक पिक्चर मंडळाचा, एक तिचा. त्यांना वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती. ते चहा पिऊन गेले आणि टीव्ही त्यांनी रिसालीहून दुसऱ्या कोणाकडून ठरवला.

रविवारी त्याचा परिणाम दिसला. खिडक्यांना चादरी लावून भागीरथा बसली, आणि एकटी शेवंताच आली. कलावतीच्या नवऱ्यानं तिला जाऊ दिलं नव्हतं. बाकीच्यांचं काही ना काही निघालं होतं.

"आज राहू दे," शेवंता म्हणाली. "दोघीत काय मजा."

"माणसं मोजून पिक्चर लागते का?" भागीरथानं कॅसेट आत सरकवली. दरवाजा मात्र तिनं नेहमीसारखा लोटून घेतला नाही, सताड उघडा ठेवला, आणि आवाज थोडा वाढवला. रस्त्यानं जाणाऱ्याला खानावळवालीच्या बांबूचे सगळे टोले ऐकू गेले.

आनंदराव आला तो असाच मधल्या वारी, संध्याकाळी. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. रत्नमाला मैत्रिणीकडे होती. तो व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसला आणि बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला. पाणी दिलं ते प्याला नाही.

"तुमाले बाबांचा पाय आठवते?" त्यानं विचारलं.

भागीरथाला सासरे आठवत होते. खाटेवरचे, कुबडीवाले, लग्नानंतर दोनच वर्षांत गेलेले. "आठवते न. बैलगाडीवरून पडले होते."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या मायनंच सांगितलं."

"गाडीवरून नाही पडले." त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. "तो दिवाणजी दात हातात घेऊन गेला, अन् दिवस मावळायच्या आत पंधरा-वीस जण आले. दादा तर तुमसरला खाणीवर होता, घरी मीच. आठ वर्षांचा. मायले त्याहीनं हात नाही लावला. तिले घरासमोर उभं केलं अन् तिच्यासमोर बाबाले पाडलं. गुडघ्यावर मारत होते, एकाच गुडघ्यावर. मी धान्याच्या कोठीमागं होतो. आवाज सगळा ऐकला. मग छपराचे कवेलू फोडले, धान्य सांडलं, अन् रातोरात आम्ही निघालो. बाबा पुन्हा कधी धड चालले नाही. मायनं जन्मभर बिड्या वळल्या."

भागीरथा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती खाली बसली.

"मी भाषणात सांगतो, आमाले गावातून हाकललं," आनंदराव म्हणाला. "मायनं मारलं ते सांगत नाही. कावून? लोक म्हणतील, बाईनं हात उचलला म्हणून नवऱ्याचा पाय गेला. दोष तिच्यावर येईल. मी तीस-पस्तीस वर्षं ते झाकून ठेवलं, अन् तुम्ही पाहुण्यासमोर, पोरांसमोर सांगून टाकलं. ते पण मजेत." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या पिक्चरात मारलं का पिक्चर संपते, वयनी. आमच्या घरी तिथून सुरू झाला होता."

समोरच्या रस्त्यावरून सेकंड शिफ्टला जाणाऱ्या सायकली गेल्या. दोन वर्षं भागीरथानं त्या सासऱ्यांना भात भरवला होता, आणि इतकी वर्षं ती बैलगाडीला शिव्या देत आली होती.

"हे मले माहीत नव्हतं," ती शेवटी म्हणाली.

"हाव."

"माहीत असतं तर गोष्ट तशी नसती सांगितली. पूर्ण सांगितली असती."

आनंदरावानं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं ती म्हणेल, सांगितलीच नसती.

"भाऊजी, एक विचारते. तुमची माय ते सांगताना हसली होती. मले तिचं तोंड आठवते. बाबाचा पाय तिच्या डोळ्यासमोर मोडला, तरी मारल्याचं सांगताना ती हसली, अन् पायाचं सांगताना खोटं बोलली. तिले जर त्या टोल्याचा पस्तावा असता, तर तिनं टोला लपवला असता न? तिनं तर तो सांगितला. मले, सुनेले. तुम्ही तिचा दोष झाकून राहिले, पण तिले तो दोष वाटत होता का, हे तिले विचारलं कधी?"

"मी लहान होतो."

"मोठे झाल्यावर?"

त्यानं पाणी उचललं आणि प्याला.

"मले ते आवाज सहन होत नाही," तो म्हणाला. "तुमच्या टीव्हीतले पण. खोटे आहेत हे समजते, तरी."

"मग तुम्ही नका पाहू. मी कधी म्हटलं पाहा?" तिचा आवाज मऊ झाला होता, पण बोलणं नाही. "मी बंद नाही करणार. अन् सरायले माफी पण नाही लिहिणार. तुमच्यासमोर मजेत बोलली, त्याची तुमची माफी मागते. पिक्चरची नाही."

आनंदराव उठला. "तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नाही, हे दादा म्हणत होता," एवढंच म्हणून तो हेल्मेट घालू लागला. तो रागावून गेला की नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

जयंतीच्या आधीच्या रविवारी चरोद्याहून आनंदरावाची बायको रमा बसनं आली. तिच्यासोबत दोघी पोरी होत्या. ती याआधी कधी रविवारी आली नव्हती.

"भाऊजींनी पाठवलं?" भागीरथानं विचारलं.

"नाही. मीच सांगून आली," रमा म्हणाली. "हो पण नाही म्हटलं, नाही पण नाही म्हटलं. पेपर वाचत बसले होते."

तोवर कलावतीही आली होती. नवऱ्याला काय सांगून आली ते तिनं सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्या दिवशी बाबुलालकडून एक नवीन कॅसेट आली होती. गोदीवरचा एक हमाल, त्याच्या भावाला मारणारी टोळी, आणि दीड तास तुफान हाणामारी. रमानं पदर तोंडाशी धरून सगळा पाहिला. शेवटच्या मारामारीत टोळीचा म्होरक्या पाण्यात पडला, हमाल रक्तबंबाळ होऊन सूर्याकडे चालत गेला आणि पडद्यावर नावं येऊ लागली. बायका पाय मोकळे करायला उठू लागल्या.

"बसा जरा," भागीरथा म्हणाली. तिनं टीव्ही बंद केला. "आता हा घरी गेला. पुढं काय?"

"पुढं काय म्हणजे?" शेवंतानं विचारलं. "झाला न पिक्चर."

"त्या टोळीत अजून माणसं होती न. ते येतील का नाही याच्या घरी? याची माय म्हातारी आहे, दाखवली होती सुरुवातीले. तिचं काय होईल?"

"आई, तुमने तो मज़ा ही किरकिरा कर दिया," रत्नमाला म्हणाली.

"मारलं ते बरोबरच मारलं. त्याच्यात मी काही म्हणत नाही. मी विचारून राहिली, पुढं काय करायचं."

कलावती म्हणाली की त्यानं आईला घेऊन मामाच्या गावी जायला हवं. शेवंताला ते मुळीच पटलं नाही. पळून कशाला जायचं, गोदीवरचे बाकीचे हमाल आहेत न, सगळ्यांनी मिळून त्याच्या दारात झोपावं. रमानं आतापर्यंत तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर खाली घेतला आणि म्हणाली, म्हातारीलाही कोणीतरी विचारा, ती काय म्हणते. तिच्या हाताशी काय आहे ते पण पाहा. यावरून जे भांडण लागलं ते चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी मिटलं नाही. शेवटची चरोद्याची बस चुकायला आली तेव्हा कुठं रमा पोरींना घेऊन धावत सुटली.